डबल बेल

बत्तीस वर्षं दारव्हा डेपोत होतो मी.
चालत्या गाडीत दोन्ही हात मोकळे ठेवून
तिकिटं फाडली, सुट्टे मोजले,
घाटाच्या वळणावरही कधी दांडा धरला नाही.

आता माजघरातून अंगणात यायचं
तर उंबरठ्याशीच गाडी बंद पडते.
पाय धरून ठेवते जमीन,
चैत्रातल्या डांबरासारखी.
मागून वच्छला विचारते, "काऊन थांबले जी?"
काय सांगू तिला.
थांबायचं तर मी ठरवलंच नव्हतं.

सुरुवात उजव्या अंगठ्यापासून.
तोच, नोटा मोजणारा.
हातात काही नसताना मोजत राहिला.
टपरीवरची पोरं म्हणाली,
"ठमके कंडक्टर रिटायर झाले,
अंगठा अजून ड्युटीवर हाये."
मीही हसलो.
म्हणजे हसलो असं मला वाटलं;
घरी आरशात पाहिलं
तर चेहरा बंद खिडकीसारखा, आत कोणी नसल्यासारखा.

मग सही आक्रसली.
बँकेतल्या पोरीने स्लिप परत केली,
काका, ही सही तुमची नाही.
खरं होतं तिचं. मुंगीची होती.

कोणी लिंबू उतरवलं, कोणी दारूला बोल लावला
(जन्मात घेतली नाही).
यवतमाळच्या डॉक्टरने बोटं उघड-मीट करायला लावली,
व्हरांड्यात चालवून पाहिलं,
कंपवात म्हणाला,
आणि कागदावर लिहून दिलं:
सहा, अकरा, चार, नऊ.
एवढं मात्र मला कळलं.
वेळापत्रक मला कळतं.
गोळी लेट, की मी लेट.

बाजाराच्या दिवशी दवाखान्यामागच्या कडुलिंबाखाली
आम्ही चौघं बसतो.
मुनाफभाई सायकलवाले, त्यांचा डावा हात.
पंचफुलाबाई, शाळेत खिचडी शिजवायच्या.
उकंडराव, ज्यांचा आवाज इतका बारीक झाला
की घरचा बैलही मान वळवत नाही.
म्हणून ते व्यायाम म्हणून ओरडतात,
"कांदे! वांगे! संभार!"
बाया थांबून भाव विचारतात.
त्यांच्याकडे पिशवीसुद्धा नसते.

"भरेल कप सांडते," पंचफुलाबाई म्हणाल्या,
"अर्धा घ्या, दोनदा घ्या."
मुनाफभाईंनी सदऱ्याची बटणं काढून
जुन्या दप्तराची चिकटपट्टी शिवून घेतली,
आता सदरा काढताना चर्र वाजतो,
नातू म्हणतो, आजोबा फाटले.
उकंडरावांच्या सुनेनं पाहिलं,
सासरे सपाट अंगणात अडतात
आणि पडलेली तुराटी मात्र सहज ओलांडतात.
दुसऱ्या दिवशी तिने तुराट्या उचलल्या,
चुन्याच्या रेघा ओढल्या, हातभर अंतराने,
गोठ्यापासून न्हाणीपर्यंत.
असं का होतं, आम्हाला कोणालाच सांगता येत नाही.
चार अंगणांत आता रेघा आहेत.

माझ्याकडे देण्यासारखं काय होतं?
एक टोला, थांब. दोन टोले, चल.
बत्तीस वर्षं दोरी ओढली
आणि गाडी निघाली, कारण न विचारता.
आता अडलो की पायाशी भांडत नाही.
श्वास घेतो, वजन एका बाजूला टाकतो,
आणि मनात: टिंग टिंग.
कधी निघते. कधी नाही निघत.

मागच्या बाजारात पंचफुलाबाई
मिरचीच्या ढिगाजवळ उभ्याच राहिल्या.
मागून हमाल, हातगाड्या, "बाई, सरका ना!"
त्यांचे डोळे आमच्याकडे, पाय कुठेच नाहीत.
मुनाफभाईंनी त्यांच्या काठीला बसवलेली
सायकलची घंटी मी वाजवली.
दोनदा.
त्या निघाल्या,
आणि मिरचीवाला म्हणाला, येऊ द्या, येऊ द्या,
जागा सोडत.

रात्री कूस वळत नाही.
अंधारात पडून राहतो, आढ्याकडे पाहत,
नऊची गोळी उतरलेली, सहा अजून लांब.
वच्छला डोळे न उघडता
खाटेच्या लोखंडी दांड्यावर
बांगडी वाजवते.

आज तिला चारदा वाजवावी लागली.